सेलमची जबानी

मी ३४ वर्षं कोर्टात लघुलेखक होते. खानदेशातलं न्यायालय, साहेबांच्या डाव्या हाताला, एक पायरी खाली माझं टेबल. साक्षीदार बोलणार, साहेब ते नीट करून सांगणार, मी उतरवून घेणार. इतक्या वर्षांत माझं स्वतःचं एकही वाक्य त्या कागदांत गेलं नाही. आता कधी लिहायला बसले तर हात आधी थांबतो, कोणी सांगायला लागेल म्हणून.

लेक बोस्टनजवळ राहते. नायगारा, न्यूयॉर्क मागच्या फेरीत झालं होतं. या वेळी जावयांनी विचारलं, "आई, काय बघायचंय?" म्हटलं, सेलम. १६९२ साली तिथे चेटकीण ठरवून माणसांना फाशी दिली, एवढं पुष्कळांना ठाऊक असतं. मला मात्र त्या खटल्यांच्या कागदांची ओढ होती. ते कागद शिल्लक आहेत, व्हर्जिनिया विद्यापीठाने इंटरनेटवर ठेवले आहेत. लॉकडाउनच्या दुपारी शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते वाचायची. फिर्याद, अटकेचा हुकूम, जबानी, साक्षी, जेलरचं बिल. माझ्याच टेबलावरचा ढीग, फक्त तीनशे वर्षं जुना आणि इंग्रजीत.

दुसरं कारण सातपुडा. आमच्याकडे त्या पट्ट्यातले खुनाचे खटले यायचे आणि काहींत मयत बाई गावाच्या लेखी 'डाकीण' असायची. मूल दगावलं, गाय आटली, की लोक भगताकडे जायचे, भगत दाणे टाकून नाव काढायचा. मग रात्री कोणीतरी त्या बाईच्या दाराशी. आमच्याकडे फाइल यायची ती बाई मेल्यावर. शवविच्छेदनाचा अहवाल हीच तिची बाजू. "तू हे केलंस का?" असं तिला कागदावर कोणी कधी विचारलेलंच नसायचं. सेलममध्ये आधी विचारलं, उत्तर लिहून घेतलं, मग मारलं. ती उत्तरं जिथे दिली गेली, ती जागा मला बघायची होती.

गुरुवार, १९ सप्टेंबर : बोस्टन

पितृपक्ष लागलेला. लेक म्हणाली, "आई, या दिवसांत कुठे काही नवीन करू नये म्हणतात ना?" म्हटलं, मेलेल्यांनाच भेटायला चाललोय, चालेल.

पहिला दिवस बोस्टनच्या स्टेट हाउसमध्ये काढला, कारण माझ्या मते ही गोष्ट शेवटून बघावी. सोनेरी घुमटाची इमारत, मॅसॅच्युसेट्स राज्याचं विधिमंडळ. प्रतिनिधी सभागृहात वर चक्क एक लाकडी मासा टांगलाय, माणसाच्या छातीला येईल एवढा लांब. कॉड मासा. या राज्याचं पोट ज्यावर भरलं त्याची आठवण. आपल्या विधानसभेत उसाचं कांडं टांगावं तसं. माशाकडे बघून झालं की भिंतीवरची चित्रं दिसतात. आल्बर्ट हर्टर नावाच्या चित्रकाराने ती १९४२ च्या सुमारास काढली. त्यातल्या एकात गर्दीने भरलेल्या प्रार्थनाघरात एक माणूस मान खाली घालून उभा आहे. न्यायाधीश सॅम्युअल सूअल.

तारीख १४ जानेवारी १६९७. सेलमच्या खास न्यायालयात जे न्यायाधीश बसले, त्यांतला हा एक. पाच वर्षांनी त्याने आपला कबुलीजबाब स्वतः लिहिला, पाद्रीच्या हाती दिला आणि पाद्री वाचत असताना सगळ्यांसमोर उभा राहिला. दोष आणि लाज माझ्याकडे घेतो, असा त्यातला मजकूर. त्याच सुमाराला बारा ज्युरींनीही लेखी माफी मागितली. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांनी मात्र कधीच नाही. उलट गव्हर्नर गेल्यावर ते तेव्हाच्या या इंग्रज वसाहतीचे प्रभारी प्रमुख झाले, आणि आज त्यांच्या नावाचं एक गाव या राज्यात आहे. ३४ वर्षांत मी बरेच साहेब पाहिले. निकाल वरच्या कोर्टात फिरला की काही जण दोन दिवस गप्प असायचे, काही जण वरच्या कोर्टालाच नावं ठेवायचे. उभं राहिलेलं कोणी पाहिलं नाही.

सभागृहात बसल्या बसल्या लेकीला मी 'व इतर'ची गोष्ट सांगितली. आमच्या रोजच्या बोर्डावर खटले लागतात ते 'अमुक विरुद्ध तमुक व इतर' असे. मागे कितीही नावं असोत, बोर्डावर दोन शब्द. तर १७११ साली या वसाहतीने बऱ्याच दोषी ठरलेल्यांच्या शिक्षा रद्द केल्या, वारसांना मिळून ५७८ पौंड १२ शिलिंग भरपाई दिली. पण ज्यांच्या घरच्यांनी अर्जच केला नाही, त्यांची नावं राहिली. मग १९५७ साली राज्याने ठराव केला. त्यात नाव एकीचंच, ॲन प्युडिएटर, आणि पुढे 'काही इतर व्यक्ती'. व इतर! ब्रिजेट बिशप, म्हणजे सगळ्यांत पहिली फाशी जिला झाली ती बाई, या 'व इतर'मध्ये ४४ वर्षं बसून होती. २००१ साली दुरुस्ती होऊन तिचं आणि आणखी चौघींचं नाव घातलं गेलं.

तरी एक राहिलीच. एलिझाबेथ जॉन्सन, धाकटी. तिला शिक्षा झाली, फाशी टळली, १७१२ साली तिने स्वतः अर्जही केला. काही झालं नाही. मूलबाळ नव्हतं, मागे धावपळ करायला कोणी नाही. शेवटी नॉर्थ अँडोव्हरच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी नागरिकशास्त्राचा प्रकल्प म्हणून पाठपुरावा केला आणि २०२२ साली याच इमारतीत तिचं नाव मोकळं झालं.

"म्हणजे क्लार्कची चूक?" लेकीने विचारलं. तिला वाटलं मला राग येईल. पण कारकुनाच्या चुका कशा होतात ते मला माहीत आहे. यादी पुढे सरकते, कोणी विचारायला येत नाही.

खाली उतरताना ग्रॅनरी दफनभूमीत सूअलची जागा शोधली. पर्यटकांची सगळी गर्दी स्वातंत्र्यलढ्यातल्या पुढाऱ्यांच्या थडग्यांपाशी.

आजचीच तारीख जाइल्स कोरी मेला ती. (तेव्हा वसाहतीत जुनं पंचांग होतं, आजच्यापेक्षा दहा दिवस मागे, पण वर्षश्राद्ध तारखेने करणारे लोक आहेत हे, आपण कशाला तिथी काढा.) ऐंशीच्या घरातला शेतकरी. सुरुवातीला स्वतःच्याच बायकोविरुद्ध साक्ष दिली, नंतर स्वतः आरोपी झाला. आरोप नाकबूल, पण 'या न्यायालयाकडून न्याय करून घेण्यास तयार आहे' हे ठरावीक उत्तर तो देईना. त्याशिवाय खटला पुढे सरकत नसे. म्हणून जमिनीवर निजवून अंगावर फळी आणि फळीवर दगड ठेवत गेले. दोन दिवस. "आणखी वजन ठेवा," एवढंच तो म्हणाला असं सांगतात. 'आरोपी उत्तर देत नाही' असं मी शेकडो वेळा लिहिलंय. तो शेरा लिहायला चार सेकंद लागतात.

शुक्रवार : सेलम

लेकीला ऑफिस. मी एकटीच नॉर्थ स्टेशनवरून लोकल धरली. अर्ध्या तासाचा प्रवास, खाडी, दलदल, होड्या.

सेलम हे आता चेटकिणींवर जगणारं गाव आहे, हे सांगून ठेवलेलं होतं, तरी धक्का बसायचा तो बसलाच. पोलिसांच्या गाडीवर झाडूवर बसलेली चेटकीण. शाळेच्या संघाचं नावही तेच. चौकात एका जुन्या टीव्ही मालिकेतल्या चेटकिणीचा ब्राँझचा पुतळा, चंद्रकोरीवर झाडू घेऊन हसतेय, लोक फोटो काढतायत. ऑक्टोबरात लाखोंनी माणसं येतात म्हणे, आणि दुकानदार सप्टेंबरातच टोकदार टोप्या मांडून तयार. नाशिकला कुंभाच्या आधी असतं तसं वातावरण. मी नाक मुरडणार होते. पण मग मनात आलं, आपल्याकडे डाकिणीच्या नावाने कोणी टोपी घालून रस्त्यात हिंडेल का? तिथे अजून त्या शब्दाची भीती जिवंत आहे. इथे ती इतकी मेलीय की तिची खेळणी झाली. मग मुरडलेलं नाक थोडं सरळ केलं.

वॉशिंग्टन स्ट्रीट नावाच्या रुंद रस्त्यावर कोर्टाची इमारत होती. रस्त्याच्या मधोमध. आता एक पाटी फक्त. तिथे उभी राहून मी मनात कोर्ट मांडून बघितलं. मे १६९२ च्या अखेरीस गव्हर्नर फिप्स यांनी खास न्यायालय नेमलं. आरोपीला वकील नाही. समोर पीडित मुली बसलेल्या, म्हणजे चेटकाने आपल्याला झटके येतात असं सांगणाऱ्या. आरोपीने मान वळवली की त्यांच्या माना वळतात, ओठ चावला की त्या किंचाळतात. आरोपीने हात लावला की झटका थांबतो, आणि तोही पुरावाच. सगळ्यांत भयंकर म्हणजे छायेचा पुरावा: बाई घरी झोपलेली असली तरी तिची छाया येऊन चिमटे काढते, असं मुलगी शपथेवर सांगणार आणि ते दप्तरी दाखल होणार. 'त्या वेळी मी दुसरीकडे होते' हा आरोपीचा सगळ्यांत जुना बचाव. तो इथे जन्मालाच येत नाही. यातल्याच एका न्यायाधीशाने, नॅथॅनिएल सॉल्टनस्टॉल यांनी, पहिल्या फाशीनंतर काम सोडलं. बाकीचे बसून राहिले.

पुढे चालत 'विच हाउस'. चेटकिणींशी त्या घराचा संबंध एवढाच की ते जोनाथन कॉर्विनचं, म्हणजे चौकशी करणाऱ्या दंडाधिकाऱ्याचं घर. काळपट लाकडी, टोकदार छपरांचं. त्या खटल्यांशी थेट नातं असलेली सेलममधली उभी वास्तू ही एकच. रस्ता रुंद करताना १९४० च्या दशकात अख्खं घर उचलून मागे सरकवलं. कॉर्विनचा पुतण्या जॉर्ज हा शेरीफ. पकडायचं पुतण्याने, तपासायचं काकाने. माणसं आत गेली की त्यांची गुरं, भांडी, धान्य जप्त करायचंही पुतण्यानेच.

मला या घरात त्यांची शेगडी, पाळणा, चरखा बघताना विचित्र वाटलं. नीटनेटकं घर. साहेबांच्या बंगल्यावर दिवाळीचा फराळ द्यायला जावं आणि त्यांच्या घरात तुळस, मुलांची दप्तरं दिसावीत, तसं.

तिसऱ्या प्रहरी चार्टर स्ट्रीटच्या दफनभूमीशी आले. दुसरे दंडाधिकारी जॉन हॅथॉर्न इथे आहेत. जबान्यांमधले बहुतेक प्रश्न यांचेच. त्यांचा दगड जपून ठेवलाय. (पुढे कादंबरीकार म्हणून नाव काढलेल्या खापरपणतूने आडनावात एक अक्षर वाढवलं. हॅथॉर्नचं हॉथॉर्न झालं.) भिंतीला लागूनच ज्यांना मारलं त्यांचं स्मारक, १९९२ सालचं, नाझी छळछावणीतून वाचलेले लेखक एली वीझल यांच्या हस्ते खुलं झालेलं. दगडी भिंतीतून पुढे आलेली वीस बाकं. प्रत्येकावर नाव, मरणाची रीत, तारीख. आत शिरताना पायाखाली दगडात कोरलेली वाक्यं आहेत, आरोपींच्या जबान्यांतली, 'मी निर्दोष आहे' अशा अर्थाची. आणि ती वाक्यं मध्येच भिंतीखाली जातात. तुटतात.

माझं वय झालंय, पटकन रडत नाही. पण हे ज्याने योजलं त्याने कधीतरी कोर्टाचं काम जवळून पाहिलं असावं असं वाटून गेलं. "पुढे?" "पुढे राहू द्या." असंच तुटतं वाक्य.

बाकांवर फुलं, नाणी, खडे. सारा गुडच्या बाकाशी जरा वेळ बसले. बसायला चालतं का ते एका बाईला विचारून. सारा गुड म्हणजे दारोदार मागून खाणारी, तोंडाने फटकळ बाई. तिची १ मार्च १६९२ ची जबानी मला जवळजवळ पाठ आहे.

"कोणत्या दुष्ट शक्तीशी तुझा परिचय आहे?"
"कोणत्याच नाही."
"सैतानाशी करार केला नाहीस?"
"नाही."
"या मुलांना का छळतेस?"
"मी छळत नाही. असल्या गोष्टीचा मला तिटकारा आहे."

आमच्याकडे साक्ष सहसा सलग, गोष्टीसारखी लिहितात, प्रश्न गाळून. 'मी त्या दिवशी शेतात होतो' असं. प्रश्न काय होता ते कागदावरून कळत नाही. आरोपीच्या जबाबात तेवढे दोन्ही, प्रश्न आणि उत्तर. सेलमच्या लेखनिकांनी प्रश्न लिहून ठेवले हे माझ्या दृष्टीने फार मोठं काम केलं, त्यांचा हेतू काही का असेना. कारण प्रश्नातच सगळं आहे. पहिला प्रश्न 'परिचय आहे का' असा नाहीच, 'कोणत्या शक्तीशी आहे' असा आहे. याला सूचक प्रश्न म्हणतात, आणि आमच्याकडे शिकाऊ वकीलसुद्धा यावर उठून हरकत घेतो.

नवऱ्याची साक्षही आहे. विल्यम गुड म्हणाला, ही एकतर चेटकीण आहे किंवा लवकरच होईल. चार-पाच वर्षांच्या मुलीलाही, डॉरथीला, पकडलं, बेड्या घातल्या, कित्येक महिने तुरुंगात ठेवलं. आईबरोबर तान्हं होतं ते आतच गेलं. १९ जुलैला साराला फाशी देताना पाद्री निकोलस नॉइस म्हणाला, कबूल कर. ती म्हणाली, तू जेवढा मांत्रिक तेवढीच मी चेटकीण, माझा जीव घेतलास तर देव तुला रक्त प्यायला लावेल. पुढे १७१० साली याच विल्यमने भरपाईचा अर्ज केला. मुलीला अंधारकोठडीत साखळीने बांधलं, ती इतकी भेदरली की तिला स्वतःला सांभाळण्याचं भान उरलं नाही, असं त्यात आहे. ३० पौंड मंजूर झाले. दोन्ही कागद एकाच माणसाचे. एका फाइलला लावले तर ओळखू येणार नाहीत.

परतीच्या लोकलमध्ये समोर टोकदार टोपीवाल्या चार मुली होत्या. एकीने टोपी काढून मला बसायला जागा दिली.

शनिवार : डॅनव्हर्स

आज सगळे गाडीने. लेक, जावई, नऊ वर्षांची नात सई. सईला कालच्या टोप्या न आणल्याबद्दल माझ्यावर राग.

हे पुष्कळ लोकांना माहीत नसतं, की प्रकरण पेटलं ते सेलम शहरात नव्हे, तिथून काही मैलांवरच्या सेलम व्हिलेजमध्ये. शहर व्यापाऱ्यांचं, व्हिलेज शेतकऱ्यांचं. व्हिलेजने पुढे नाव बदललं, आज ते डॅनव्हर्स. ते टोप्या विकत नाहीत. पाट्याही बेताच्या. दोन घरांमधल्या बोळातून आत गेलं की मागे मोकळी जागा, गवत, आणि खड्ड्यात दगडी पायाच्या चार ओळी. पाद्री सॅम्युअल पॅरिसचं घर. १९७० साली उकरून काढलं. आजूबाजूला लोकांची परसं, कुठेतरी कुत्रा भुंकत होता.

इथे जानेवारी १६९२ मध्ये पाद्रीची नऊ वर्षांची मुलगी बेट्टी आणि अकरा वर्षांची भाची ॲबिगेल यांना झटके यायला लागले. पाद्रीचं गावाशी आधीच बिनसलेलं. गावाने त्याच्या पगारासाठी कर बसवायचं बंद केलं होतं, सरपणही नीट येईना, आणि हिवाळा तिकडचा. त्यात उत्तरेकडे फ्रेंच आणि मूळ रहिवाशांशी लढाई, घरं जळून आलेली माणसं आसपास. वसाहतीची सनद रद्द झालेली, नवी अजून यायची. पॅरिसचा पक्ष आणि विरोधी पक्ष अशी गावात उभी फूट. आपल्याकडच्या कोणत्याही गावाचं वर्णन वाटेल, फक्त सरपणाच्या जागी पाणी घाला.

शेजारणीने उपाय सांगितला: मुलींचं मूत्र घालून राईच्या पिठाची भाकर भाजा आणि कुत्र्याला घाला. ती भाजली टिटुबाने आणि जॉनने, पाद्रीच्या घरच्या गुलामांनी. हे मी सईला जरा गाळून सांगितलं, तरी ती "ईऽऽ" करून मोकळी झाली. "आजी, तू पण मीठ-मोहऱ्या ओवाळून जाळतेस ना माझ्यावरून?" जावई दुसरीकडे बघून हसले. हो बाई, जाळते.

टिटुबा. कागदांत तिला 'इंडियन बाई' म्हटलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चष्मा पुसला. अर्थात हा कोलंबसच्या चुकीतला इंडियन. पॅरिसने तिला बार्बाडोसहून आणलं असं मानतात. तिचीही जबानी १ मार्चची. पहिल्यांदा ती नाहीच म्हणते. मुलांना का छळतेस? मी नाही छळत. मग कोण? मला काय ठाऊक, सैतान असेल. सैतान कधी पाहिलास? आणि इथे उत्तर फिरतं: सैतान माझ्याकडे आला आणि माझी चाकरी कर म्हणाला. मग काळा कुत्रा येतो, डुक्कर, पिवळा पक्षी, लाल आणि काळा उंदीर, बोस्टनचा उंच माणूस. पुढच्या दिवशी एक पुस्तक, त्यात नऊ खुणा. म्हणजे आणखी नावं आहेत. गाव त्या नावांच्या मागे लागलं.

मालकाने मारून कबूल करायला लावलं, असं पुढे तिच्या नावे नोंदलं गेलंय. आपल्याकडे पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात घेत नाहीत, १८७२ पासून. तो कायदा इंग्रजांनीच आपल्यासाठी केला.

आणि यातली मेख अशी की जे कबूल झाले ते वाचले. जे 'मी नाही' म्हणत राहिले ते फासावर गेले. टिटुबा तेरा महिने तुरुंगात होती. तुरुंगाचा खर्च कैद्यानेच द्यायचा, अगदी बेड्यांचासुद्धा. पॅरिसने दिला नाही. दुसऱ्या कोणी भरला आणि तिला घेऊन गेला. पुढे तिचा कागदच नाही. लिडिया डस्टिन नावाची म्हातारी तर निर्दोष सुटूनही पैसे न भरल्यामुळे आतच मेली.

मग प्रार्थनाघराच्या जुन्या जागेसमोरचं स्मारक. दगडी पेटीवर उघडं पुस्तक, तुटलेल्या बेड्या, मागे नावं. पाच मिनिटांत आटपलं, सईला भूक लागली होती.

दुपार रिबेका नर्सच्या घरी. शेत अजून शेतासारखं राखलंय, लालसर लाकडी घर, उतरतं छप्पर. ७१ वर्षांची धार्मिक बाई, कानाने मंद, आठ मुलांची आई. शेजाऱ्यांनी, जवळपास ४० जणांनी, तिच्या चांगुलपणाच्या कागदावर सह्या केल्या. तशी सही करणं म्हणजे उद्या आपल्यावर येणं, हे माहीत असताना. ज्युरीने तिला निर्दोष ठरवलं होतं, हे कोणी फारसं सांगत नाही. निर्णय ऐकताच मुली ओरडायला लागल्या. मुख्य न्यायाधीशांनी ज्युरीला तिचं एक वाक्य पुन्हा विचारात घ्यायला सांगितलं. कबूल झालेली एक बाई साक्षीला आणली तेव्हा रिबेका म्हणाली होती, "ही कशाला? ही आमच्यातली." ज्युरीने तिलाच विचारलं, 'आमच्यातली' म्हणजे काय? ती बोलली नाही. मग दोषी.

नंतर तिने लिहून दिलं: 'आमच्यातली' म्हणजे आमच्याबरोबर कैदेत असलेली. मला कमी ऐकू येतं, मन दुःखाने भरलेलं, प्रश्न कळलाच नाही.

इथे मी घरातल्या बाकावर बसले आणि उठायला वेळ लागला. माझ्या हातून एकदा, नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, असंच झालं होतं. डोंगरातल्या म्हाताऱ्या साक्षीदाराची पावरी बोली, मध्ये दुभाषा, तोही घाईत. म्हातारा बरंच बोलला, दुभाष्याने एक ओळ सांगितली, साहेबांनी ती सांगितली, मी ती टंकली. उरलेलं त्याचं बोलणं काय होतं ते मला कळलं नव्हतं आणि मी विचारलंही नाही. विचारायचा अधिकार नव्हता, हे खरं. आरोपी सुटले. मयत बाई त्या म्हाताऱ्याची बहीण होती.

मागे उताराला नर्स कुटुंबाची दफनभूमी आहे. रिबेकाला मुलांनी रात्री आणून गुपचूप पुरलं अशी घरातली सांगी. नेमकी जागा कळत नाही, उंच स्मारकस्तंभ १८८५ चा. शेजारी फाशी गेलेल्या म्हाताऱ्या जॉर्ज जेकब्जची हाडं, १९९२ साली तिथे ठेवलेली. बाकी कुणाचीच खूण नाही.

रविवार, २२ सप्टेंबर : पुन्हा सेलम

सकाळी पीबडी एसेक्स संग्रहालय. १७९९ साली गलबतांच्या कप्तानांनी मंडळ काढलं, सभासद व्हायची अट एकच: केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न ओलांडून गेलेलं असलं पाहिजे. तिकडून आणलेल्या वस्तूंचं हे संग्रहालय झालं. भारतातल्याही पुष्कळ. सेलमच्या मुद्रेवर सुमात्राचा माणूस आहे आणि लॅटिन ब्रीद आहे ते श्रीमंत इंडियाच्या शेवटल्या बंदरापर्यंत जाण्याचं. खटल्यांनंतर शंभर वर्षांनी गाव मिरीवर गब्बर झालं. सईला गलबतांची मॉडेलं आवडली, मला खुर्ची.

मग प्रॉक्टर्स लेज, जिथे फाशी दिली तो कडा.

फाशी गॅलोज हिलवर दिली, हे सगळ्यांना माहीत होतं, पण टेकडीवर नेमकी कुठे ते विसरलं होतं. लोक वर माथ्यावर जाऊन बघून येत. २०१६ साली अभ्यासकांनी नक्की जागा सांगितली, आणि ती कशावरून सांगितली, तर एका जबानीतल्या एका ओळीवरून. रिबेका एम्स नावाच्या बाईला १९ ऑगस्टला पकडून बोस्टन रस्त्याने आणत होते. त्याच वेळी पाच जणांना फाशी चालली होती. चौकशीत तिला विचारलं, तू फाशीच्या वेळी तिथे होतीस का. ती म्हणाली, मी टेकडीखालच्या घरात होते, थोडी माणसं दिसली. बस. ते घर कोणतं, त्या घरातून काय दिसतं, हे ताडून पाहिलं. माथा दिसत नाही. खालचा खडकाळ कडा दिसतो. जमीनही यंत्राने तपासली. माती इतकी उथळ की कोणाला पुरणं शक्यच नव्हतं, हाडं नाहीत. खांब रोवल्याचीही खूण नाही, झाडालाच टांगलं असणार.

लिहिणाऱ्याने त्या दिवशी ते वाक्य गाळलं असतं तर? महत्त्वाचं नव्हतंच. साहेब म्हणाले असते, "हे राहू द्या."

जागा अगदी साधी. पोप स्ट्रीट, दोन्हीकडे राहती घरं, वर झाडीत कडा, पलीकडे औषधाचं मोठं दुकान आणि त्याच्या गाड्या लावायची जागा. अर्धगोल दगडी भिंत, मध्ये ओकचं झाड, भिंतीवर १९ नावं. १४ बाया, ५ पुरुष. जाइल्स कोरी नाही, तो फासावर गेला नव्हता. आजच्या तारखेला, २२ सप्टेंबरला, आठ जणांना इथे आणलं. ती शेवटची फाशी. त्यांत रिबेका नर्सची बहीण मेरी ईस्टी. तिला मे महिन्यात सोडलं होतं, दोन दिवसांनी परत धरलं. तिने मरण्याआधी अर्ज केला, त्यात स्वतःचा जीव मागितलेला नाही. मला माहीत आहे मी मरणार, पण यापुढे निर्दोष रक्त सांडू नका, आणि कबूल झालेल्यांना वेगवेगळं ठेवून तपासा, असं लिहिलंय. वेगवेगळं ठेवून तपासा! एवढ्या न्यायाधीशांत ही एक बाई कामाचं बोलली. ऑक्टोबरच्या अखेरीस गव्हर्नरने ते न्यायालय मोडलं. पुढच्या वर्षी छायेचा पुरावा न घेता खटले चालले, तेव्हा बहुतेक सगळे सुटले.

कोणीतरी सकाळीच आठ गुलाब ठेवून गेलं होतं. जावई मोबाइल खिशात घालून गप्प उभे. लेक म्हणाली, "आई, पाणी सोडायचंय का?" बाटली होती हातात. पण यांच्या देवाधर्माचं आपल्याला काय माहीत, म्हणून नको म्हटलं. थोडं झाडाच्या मुळाशी ओतलं, उन्हाचं.

मग पर्समधून वही-पेन्सिल काढली. सईला म्हटलं, नावं वाच. लघुलिपीत नाव लिहायला एक-दोन फटकारे लागतात, पण नाव कानावर नीट पडलं पाहिजे. एक स्वर चुकला की माणूस बदलतो. ती भिंतीला हात लावत वाचत निघाली, शाळेत वाचतात तशी भरभर. ब्रिजेट बिशप. सारा गुड. एलिझाबेथ हाउ. सुझाना मार्टिन. रस्त्यावरून मोटारसायकल गेली आणि पुढचं नाव त्यात बुडालं. ती वाचत पुढे गेली होती.

"थांब," मी म्हटलं. "मघाचं परत सांग. हळू."